कला-इतिहास ऑनलाइन शिकवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

कला-इतिहास हा असा विषय आहे की ज्यात मूळ वस्तू वर्गात जवळपास कधीच नसते. बॉटनीवाले पान तोडून आणतात, केमिस्ट्रीवाल्यांची लॅब असते, आमच्याकडे पहिल्यापासून फोटोच, कारण रेम्ब्रांटचं चित्र ॲमस्टरडॅमला आणि आपण नाशिकला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पडदे ओढून बसलेलो. त्यामुळे ऑनलाइन टूल्समुळे खरी कला बाजूला पडते असं कुणी म्हटलं की मला आधी हेच सांगावंसं वाटतं, की अहो हा विषय प्रतींवरच वाढलाय. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते, कशासाठी, तर जे लोक अजिंठ्याला पोचू शकत नाहीत त्यांना बघता यावं म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याचशा प्रती लंडनला 1885 च्या आगीत जळून गेल्या. मग काचेच्या स्लाइड आल्या. हाइनरिश वोल्फलिन हे बर्लिनला शिकवायचे, त्यांनी एकाच वेळी दोन प्रोजेक्टर लावून दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवायची पद्धत रुजवली आणि तुलना करून शिकवणं ही आमच्या विषयाची सवयच होऊन बसली. पुढे रंगीत स्लाइड, गोल ट्रेचे प्रोजेक्टर, ते बनवणं कोडॅकने 2004 मध्ये बंद केलं, आणि मग सगळे पॉवरपॉइंटवर आले.

आता पॉवरपॉइंटवर आल्यावर झालं काय, की एका तासात साठ-सत्तर चित्रं सरकवता येऊ लागली. हे चेंगीझखानाच्या घोडदळासारखं पुढे पुढे पळणं आहे, आणि माझं सगळ्यात मोठं म्हणणं याच्याच विरोधात आहे. ऑनलाइन टूल घेताना ते किती चित्रं दाखवतं हे बघूच नका, ते विद्यार्थ्याला एका चित्रापाशी किती वेळ थांबवतं आणि थांबल्यावर त्याच्याकडून काय करून घेतं हे बघा. हार्वर्डच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसायला सांगतात. त्यांनी स्वतः अमेरिकन चित्रकार कोपलीच्या 1765 च्या एका चित्रासमोर बसून हे करून बघितलं, त्यात एक मुलगा आहे आणि टेबलावर त्याची पाळलेली खार आहे, तर मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांच्या झालरीचा आकार एकसारखा आहे हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटं! हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या व्यक्तीला. आणि आपण एफवायच्या मुलांना एका स्लाइडला चाळीस सेकंद देतो आणि म्हणतो यांना काही दिसत नाही.

तर सगळ्यात उपयोगाचं टूल कुठलं, तर खोलवर झूम. हे कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्या कारण त्यावर बाकीचं बरंच अवलंबून आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चा 2022 मध्ये एक फोटो टाकला, 8439 वेगवेगळे फोटो जोडून तयार केलेला, 717 गिगापिक्सेल, म्हणजे 71,700 कोटी पिक्सेल. दोन पिक्सेलमधलं अंतर एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. एवढी फाइल कुठल्याच फोनवर उघडणार नाही, तरी ते चित्र साध्या अँड्रॉइडवर उघडतं, ते कसं? तर सर्व्हरवर त्या चित्राच्या लहान-मोठ्या आकाराच्या बऱ्याच कॉपी आधीच करून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक कॉपीचे छोटे छोटे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. तुम्ही अख्खं चित्र बघत असाल तर सगळ्यात लहान कॉपीचे दोन-चार तुकडे येतात, तुम्ही चित्रातल्या कॅप्टनच्या हाताजवळ गेलात की मोठ्या कॉपीतले फक्त हाताजवळचे तुकडे येतात, बाकीचं चित्र सर्व्हरवरच राहतं. फोनच्या स्क्रीनवर मावतात जेमतेम पंचवीस-तीस लाख पिक्सेल, त्यामुळे एका वेळी लागतंही तेवढंच. गूगल मॅप याच पद्धतीवर चालतो. म्हणून डेटाची काळजी असणाऱ्या मुलांनाही मी बिनधास्त हे उघडायला सांगते, यूट्यूबवरच्या अर्ध्या तासाच्या लेक्चरपेक्षा सहसा स्वस्तच पडतं.

पण नुसतं "झूम करून बघा" म्हटलं तर मुलं भराभर आत-बाहेर करतात आणि झालं. काम द्यावं लागतं. अकबराच्या चित्र-कारखान्यातली 'तूतीनामा'ची, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या गोष्टींच्या सचित्र पोथीची पानं क्लीव्हलंडच्या म्युझियममध्ये आहेत आणि त्यांनी 2019 पासून आपले हजारो फोटो सगळ्यांना फुकट वापरायला दिलेत. त्यातलं एक पान द्यायचं आणि सांगायचं, की या पानातला एकच दोन बोटांचा तुकडा निवडा, तेवढ्याच भागात ब्रश कुठून कुठे गेलाय ते लिहा, कुठे रंगावर रंग आलाय, कुठे खालची रेघ दिसतेय. पहिल्या दोन ओळी सगळ्यांच्या सारख्याच येतात, "रंग सुंदर आहेत" वगैरे, आणि मग पाचव्या-सहाव्या ओळीपासून मुलं खरंच बघायला लागतात. ती पाचवी ओळ यायला वेळ लागतो आणि तो वेळ वर्गात मिळत नाही, घरी मिळतो, रात्री अकरा वाजता पांघरुणात फोन घेऊन मिळतो. ऑनलाइनचा हा फायदा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट तुलना. इथे एक नाव माहिती असू द्या, ट्रिपल आय एफ (IIIF). नाव अवघड आहे, कल्पना सोपी आहे. पूर्वी प्रत्येक म्युझियमचे फोटो त्या त्या म्युझियमच्या वेबसाइटवरच बघता यायचे, लंडनचं एका खिडकीत, शिकागोचं दुसऱ्या, दोन्ही शेजारी आणायचे तर स्क्रीनशॉट काढा आणि पीपीटीत चिकटवा, त्यात झूम गेला. ट्रिपल आय एफ हे म्युझियम आणि लायब्रऱ्यांनी मिळून ठरवलेलं एक मानक आहे, आपल्या यूपीआयसारखं समजा, बँक कुठलीही असो ॲप कुठलंही असो पैसे जातात, तसं फोटो कुठल्याही म्युझियमचा असो, हे मानक पाळणाऱ्या कुठल्याही व्ह्यूअरमध्ये पूर्ण झूमसकट उघडतो. मिराडोर नावाचा एक फुकट व्ह्यूअर आहे, त्यात दोन-तीन-चार खिडक्या शेजारी उघडता येतात, प्रत्येकीत वेगळ्या म्युझियमचं चित्र. चित्राच्या पानावर ट्रिपल आय एफची लिंक असते ती कॉपी करून तिथे टाकायची, बस. वोल्फलिनचे दोन प्रोजेक्टर आता प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर आलेत असं म्हणायला हरकत नाही, आणि मुख्य म्हणजे कुठली दोन चित्रं शेजारी ठेवायची हे आता विद्यार्थी ठरवू शकतो, जे पूर्वी फक्त सर किंवा मॅडम ठरवायचे.

आणि हे सगळं फक्त युरोपच्या चित्रांसाठी नाही. आपल्या दारातलं उदाहरण घेऊ. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त नाणी, क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची, आणि त्यातल्या बहुतांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. नहपानाला हरवल्यावर त्याचं नाणं वितळवायच्या भानगडीत न पडता त्याच्यावरच आपली टेकडी आणि उज्जैन चिन्ह (टोकांना चार वर्तुळं असलेली फुली) उठवून दिलं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. आता ते नाणं जेमतेम दीड सेंटीमीटरचं, म्युझियमच्या काचेमागे ठेवलं तर चांदीचा चुरगळलेला तुकडा दिसतो फक्त. पण चांगल्या फोटोत झूम करून बघितलं की सातकर्णीच्या टेकडीच्या कमानींखालून नहपानाचं नाक दिसतं, हनुवटी दिसते, काठाला जुन्या ग्रीक अक्षरांचे अवशेष दिसतात. एक राजा दुसऱ्या राजाच्या तोंडावर छापलेला. मी मुलांना नाण्याच्या फोटोवर दोन रंगांनी रेघा काढायला सांगते, खालचं सगळं लाल, वरचं सगळं निळं, कुठलंही फोटो एडिटर चालतं, फोनमधलंसुद्धा. जिथे जोडीतल्या दोघांनाही ठरवता येत नाही की ही रेघ कोणाची, तिथे वाद घालायचा. हे करून झाल्यावर अंजनेरीच्या नाणे-संग्रहालयात गेलं तर मुलं काचेला नाक लावून उभी राहतात कारण काय शोधायचं ते माहिती असतं.

याच दोन राजांची दुसरी लढाई पांडवलेण्यांत दगडावर चालू आहे आणि माझ्या मते नाशिकमध्ये कला-इतिहास शिकवणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. 10 नंबरचं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. 3 नंबरचं लेणं गौतमीपुत्राच्या आईचं, गौतमी बलश्रीचं, आणि त्यातल्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला असं ती अभिमानाने सांगते. आता दोन्ही विहारांच्या ओसरीतल्या खांबांचे फोटो शेजारी लावा. दोन्हीकडे खांबांच्या डोक्यावर प्राणी आहेत, त्याखाली उलट्या घंटेसारखा भाग आहे, पण 10 मधली घंटा ऐटदार आणि रेखीव आहे, कार्ल्याची आठवण करून देणारी, 3 मधली आखूड आणि जड. शिवाय 3 नंबरला ओसरीच्या खाली सहा धिप्पाड माणसं सगळं लेणंच खांद्यावर घेऊन उभी आहेत, तसलं काही 10 ला नाही. आतल्या मागच्या भिंतीवर 3 मध्ये स्तूप कोरलेला अजून दिसतो, 10 मध्ये त्याच जागी नंतरच्या काळात भैरव कोरलाय. म्हणजे हरलेल्याच्या लेण्याचा नमुना समोर ठेवून जिंकणाऱ्यांनी आपलं लेणं त्याच डोंगरात कोरलं, वर आणखी दिमाख केला, पण कारागिरीत पहिलं लेणं सरस राहिलं. हे माझं मत आहे आणि दर वर्षी वर्गात तीन-चार जण तरी ते खोडून काढायचा प्रयत्न करतात, करावाच.

हे कसं करायचं ते सांगते. डोंगर चढायच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही लेण्यांचे फोटो गूगल क्लासरूमवर टाकायचे आणि प्रत्येकाने फोटोवरच खुणा करून फरक लिहायचे, थिंगलिंक किंवा एच-फाइव्ह-पी अशी टूल्स आहेत ज्यात फोटोवर ठिपका ठेवला की तो दाबल्यावर मजकूर उघडतो, नसेल जमत तर गूगल स्लाइड्समध्ये कॉमेंट टाकली तरी भागतं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसलं पाहिजे ही अट मात्र ठेवा, मग तेच तेच लिहिता येत नाही, पुढचं शोधावंच लागतं. लेखांचंही तसंच. उषवदाताच्या एका लेखात 3000 कार्षापणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, ठेवीचा हिशोब आहे, त्यातले 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवलेत, व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा म्हणजे वस्त्रांचा आणि इतर किरकोळ खर्च. या श्रेणी गोवर्धनच्या. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन आहे, मुक्त विद्यापीठही तिकडेच, त्यामुळे हा ठिपका उघडला की मुलं एकदम जागी होतात. वर लेण्यात लेखाखाली उभं राहून ब्राह्मी अक्षरं नीट दिसत नाहीत, ऊन-सावलीचा खेळ असतो, मान दुखते. फोटोत दिसतात. पण फोटोत जे अजिबात कळत नाही ते म्हणजे 3 नंबरच्या त्या सहा दगडी माणसांसमोर उभं राहिल्यावर आपण केवढे दिसतो, आणि आत गेल्यावर आवाज कसा घुमतो. म्हणून दोन्ही पाहिजे, आणि क्रम हाच पाहिजे, आधी स्क्रीन, मग डोंगर, मग परत स्क्रीन.

परत आल्यावर थ्रीडी मॉडेल करता येतं. फोटोग्रामेट्री म्हणतात याला. एकाच शिल्पाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग पुन्हा आला पाहिजे, मग सॉफ्टवेअर तोच बिंदू वेगवेगळ्या फोटोंत शोधतं आणि कोनांवरून तो किती लांब, किती खोल ते मोजतं. मेशरूम हे फुकट आहे, पण कॉम्प्युटर दणकट लागतो, फोनवरची ॲप्सही आहेत. आपला खडबडीत काळा दगड यासाठी फार चांगला, गुळगुळीत पॉलिश केलेली किंवा चमकणारी मूर्ती असेल तर सॉफ्टवेअर गोंधळतं. ढगाळ दिवस निवडा, कडक सावल्या मॉडेलमध्ये दगडावर कायमच्या चिकटून बसतात. संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड वगैरे लावायचा असेल तर पुरातत्व खात्याकडे आधी चौकशी करा. व्हीआर हेडसेटबद्दल मला बरेच जण विचारतात, तर महागडे हेडसेट घेऊन ते कपाटात राहिलेले मी बघितलेत, त्या पैशात एसटीची गाडी बुक करून अख्खा वर्ग सिन्नरला गोंदेश्वरला जाऊन येतो.

स्क्रीन जे लपवते त्याबद्दल थोडं सावध राहायला हवं, विशेषतः आकार. लूव्रमध्ये 'मोनालिसा' आहे 77 बाय 53 सेंटीमीटर, आणि त्याच दालनात तिच्या समोर व्हेरोनेसेचं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद. फोनवर दोन्ही सारखीच. यावर एक साधा उपाय आहे, वर्गाच्या भिंतीवर किंवा पार्किंगमध्ये खडूने खऱ्या मापाची चौकट आखायची. 'नाइट वॉच' जवळपास पावणेचार बाय साडेचार मीटर आहे, खडूने आखा आणि त्यासमोर उभं राहा, मग परत फोनवर बघा, चित्र वेगळंच वाटतं. रंगांचं तर विचारूच नका, गूगलवर एकच रविवर्मा पाच रंगांत मिळतो, आणि प्रत्येक फोन आपापल्या मर्जीने रंग भडक करतो.

म्हणून फोटो कुठून घ्यायचा हा नियम वर्गात पक्का असावा. म्युझियमच्या स्वतःच्या पानावरूनच, जिथे वस्तूचा नोंदणी क्रमांक, माप, माध्यम, काळ दिलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने 2017 मध्ये 3,75,000 फोटो कुठल्याही बंधनाशिवाय खुले केलेत, भारतीय म्युझियमचे संग्रह 'म्युझियम्स ऑफ इंडिया'वर आहेत, ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या 'जतन' सॉफ्टवेअरवर चालतं. क्रमांक नाही, म्युझियमचं नाव नाही, तर ते चित्र असाइनमेंटमध्ये नाही. एआयने बनवलेली "अजिंठा शैलीतली" चित्रं आता इतकी फिरतात की पिंटरेस्टवरून उचललेलं चित्र खरं की खोटं हे ओळखण्यातच तास जातो. कॉपीराइटची भीती बरेच जण घालतात, तर शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने वापरायला आपल्या 1957 च्या कायद्यात कलम 52 मध्ये सूट आहे, आणि कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी चित्र तसंही मोकळं होतं. अमृता शेरगिल 1941 मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची चित्रं बिनधोक वापरा. हयात चित्रकाराचं काम यूट्यूबवर टाकताना मात्र परवानगी घ्या.

मराठीचा प्रश्न खरा आहे आणि तो मला मनापासून टोचतो. चांगलं सगळं इंग्रजीत. स्मार्टहिस्टरी म्हणून एक उपक्रम आहे, 2005 पासूनचा, त्यात दोन जाणकार एका कलाकृतीसमोर उभे राहून एकमेकांशी गप्पा मारतात, लेक्चर नाही, गप्पा, "तुला इथे काय दिसतंय", "मला तर हे वेगळं वाटतं", असं. सुरगाण्याहून, पेठहून येणाऱ्या मुलांना ते इंग्रजी पहिल्या झटक्यात झेपत नाही. पण ती पद्धत झेपते ना! दोन-दोन जणांची जोडी करायची, गोंदेश्वरला उभं करायचं, मधलं महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांतली चार छोटी देवळं यावर पाच मिनिटं मराठीत बोला, फोनवर रेकॉर्ड करा. पाच मिनिटांचा ऑडिओ दोन-तीन एमबीत मावतो, व्हॉट्सॲपवर जातो, रेंज नसलेल्या गावात एकदा उतरवला की पुन्हा पुन्हा ऐकता येतो. अशा बोलण्यात मुलं जे पकडतात ते पेपरात लिहीत नाहीत, एका जोडीने शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा वर जाताना लहान लहान होत जातात हे बोट दाखवून मोजत मोजत सांगितलं होतं, देवळं बांधायच्या ज्या शैलीला भूमिज म्हणतात तिचं सगळं मर्म त्यात आलं आणि भूमिज हा शब्द त्यांना तोवर माहितीच नव्हता. लाइव्ह लेक्चरचा हट्ट मी धरत नाही, ज्याची रेंज जाते तो मागे राहतो आणि विचारायला लाजतो.

राहता राहिलं मार्कांचं. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार तिकडून घेता येतात, घ्या, पण तिथली परीक्षा मुख्यतः पर्यायांवर टिक करायची असते आणि कला-इतिहासात ते पुरत नाही. विद्यापीठाच्या लेखी पेपरात चित्र छापलं तर काळा डाग उमटतो, खांब की माणूस ते कळत नाही. तेव्हा हे सगळं बसवायची जागा एकच, इंटर्नलचे मार्क. मी तिथे मुलांनी आधी कधीच न बघितलेलं एक चित्र देते, झूमच्या लिंकसकट, नाव नाही, काळ नाही, चित्रकार नाही. अर्धा तास फक्त बघायचं, लिहायचं नाही. मग एक तास लिहायचं, आणि प्रत्येक विधानासोबत ते चित्रात नेमकं कुठे दिसलं त्या जागेचा स्क्रीनशॉट जोडायचा. चित्रकाराचं नाव चुकलं तरी मार्क जात नाहीत, स्क्रीनशॉट नसेल तर जातात. पहिल्या वेळेला मुलं कुरकुरतात की अर्धा तास काय बघायचं यात, आणि पुढच्या टेस्टला हीच मुलं विचारायला येतात की बघायला पाऊण तास मिळेल का.